बिलं थकली हे खरं, पण फर्मच्या आतला घोळ कोण निस्तरणार?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लहान काँट्रॅक्टर लोकांची बिलं थकली, वाळू मिळत नाही, सळीचा रेट वाढला, लेबर टिकत नाही, अशा बातम्या आपल्या पेपरात नेहमी येतात आणि त्या खऱ्याच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण मी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लहान बांधकामवाल्यांचे हिशोब लिहायचं काम करतो, बरीच वर्षं झाली, आणि मला ज्या गोष्टी रोज दिसतात त्या बातमीत कधी येत नाहीत, म्हणून हे पत्र लिहितोय. माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडचे लहान बांधकाम धंदे आधी आतून पोखरतात आणि मग एखादं बिल थकलं की आडवे होतात. ज्याचं आत नीट आहे त्याचं बिल सहा महिने थकलं तरी तो कसाबसा तग धरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खानापूर तालुक्यातली दोन सख्ख्या भावांची एक फर्म आहे. नाव लिहीत नाही, नाव न घालता लिहा असं त्यांनीच सांगितलंय. वडील चिऱ्याच्या बांधकामातले गवंडी, त्यांच्या हातची घरं अजून पावसात उभी आहेत आणि खानापूरचा पाऊस कसा असतो ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पोरांनी पुढं आरसीसी म्हणजे सळी-काँक्रीटचं काम सुरू केलं, मिक्सर घेतला, सेंट्रिंगच्या म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावायच्या प्लेटा घेतल्या, पंचायतीची लहानसहान कामं घेतली, मग शहरात अनगोळ, वडगाव बाजूला घरं बांधायला लागले. काम चांगलं, माणसं कष्टाळू, दारू नाही जुगार नाही, तरी पाळी अशी आली की शनिवारचा पगार भागवायला मोठ्या भावाला बायकोच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवायला लागल्या, आणि दोघं भाऊ एका साइटवर एका वेळी यायचे बंद झाले कारण आले की लेबरसमोर भांडण.

हिशोब म्हणून माझ्यासमोर काय आलं तर खिशातली एक डायरी, घामानं कडा फुगलेली. एका पानावर सिमेंट ४०, खाली मुकादम ५०००, खाली पोराची फी, खाली डिझेल, खाली परत सिमेंट. कुठल्या साइटचं सिमेंट ते नाही, मुकादमाला दिलेले मजुरीतले का उचल ते नाही, डिझेल मिक्सरचं का घरच्या गाडीचं ते नाही. आणि धाकट्याची डायरी वेगळी, त्यात तो स्वतः दिलेले पैसे लिहायचा आणि मोठ्यानं त्याच माणसाला दिलेले त्याला माहीत नसायचे, त्यामुळं एकाच खडीवाल्याला एकाच ट्रिपचे पैसे दोनदा गेलेले मला चलनं लावून बघितल्यावर सापडले.

आता मुख्य दुखणं सांगतो, कारण हे एका फर्मचं नाही, दहातल्या बऱ्याच जणांचं आहे. समजा ३० लाखाचं घर घेतलं. बोली अशी होते की प्लिंथला म्हणजे जोत्याला इतके, स्लॅबला इतके, वीटकामाला, प्लास्टरला, फिनिशिंगला इतके, आणि काँट्रॅक्टर साहजिकच पहिले हप्ते जड ठेवतो. स्लॅब ओतून होईपर्यंत १८ लाख हातात आले आणि खर्च झाला १४ लाख, तर वरचे ४ लाख त्याला सुटलेले वाटतात. पण ते पुढच्या फरशीचे, वायरिंगचे, प्लंबिंगचे, दरवाजे खिडक्यांचे, रंगाचे पैसे असतात, आणि फिनिशिंगलाच पैसा सगळ्यात जास्त चिवटपणे जातो. तेवढ्यात दुसरी साइट सुरू असते, तिथं सळी पाहिजे असते, तर हे ४ लाख तिकडं जातात. मग पहिल्या घराचं फिनिशिंग अडतं, मालक म्हणतो काम दाखवा मग पैसे, काम दाखवायला पैसे नाहीत, मग तिसरं काम घ्यायचं, रेट पडेल तो, कशासाठी तर त्याचा ॲडव्हान्स येईल म्हणून. तिसऱ्याच्या ॲडव्हान्सवर पहिल्याचं घर पुरं होतं आणि तिसरा लटकतो. लोक म्हणतात धंदा वाढला, चार साइट चालू आहेत. मी म्हणतो चार साइट चालू नाहीत, चार साइट अडकल्यात.

आणि हे फक्त लहानांचंच दुखणं होतं असं पण नाही. मोठ्या बिल्डरांनी एका प्रोजेक्टचे पैसे दुसरीकडं फिरवले म्हणून तर २०१६ चा रेरा कायदा आला, त्यात गिऱ्हाइकाकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्याच प्रोजेक्टच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवायला लागतात आणि जमीन आणि बांधकाम यालाच ते वापरायचे. ठेक्यावर एकेक घर बांधून देणाऱ्या आपल्या लहान माणसाला तो नियम लागत नाही. पण नियम लागत नाही म्हणून तसं करायला कोणी अडवलंय का? प्रत्येक साइटचं वेगळं खातं काढा, नसेल जमत तर निदान वेगळी वही करा. या दोन भावांनी पहिलं हेच केलं. पंचायतीच्या कामाची वही निळी, अनगोळच्या घराची लाल, असं. आणि नवीन काम घ्यायचं पूर्ण थांबवलं, हातातल्या साइट संपेपर्यंत कोणी कितीही ॲडव्हान्स दिला तरी नाही. एक काम तर त्यांनी मालकाला समोर बसवून, झालेल्या कामाची मापं घेऊन, दुसऱ्या काँट्रॅक्टरला सोपवलं, त्यात तोटा सोसला. मोठा भाऊ त्या दिवशी जेवला नाही. पण तोटा कागदावर आला आणि त्याचा आकडा कळला, आधी तो आकडाच कळत नव्हता आणि माणूस रात्रभर जागायचा.

दुसरं दुखणं भावाभावातलं. दोघांनी मिळून धंदा केलाय पण कागद नाही, कारण सख्ख्या भावात कागद कसला असं वडील म्हणायचे. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे आणि तो असं सांगतो की तुमच्यात दुसरा करार नसेल तर नफा तोटा समान वाटायचा आणि काम करण्याबद्दल कुठल्याही भागीदाराला पगार मिळणार नाही. म्हणजे उन्हात दिवसभर साइटवर उभा राहणारा धाकटा आणि ऑफिस, बँक, खात्याचे हेलपाटे बघणारा मोठा, दोघांनाही आपण जास्त करतो असं वाटणार आणि दोघांनाही वेगळं काही मिळणार नाही, मग दोघंही धंद्यातून पाहिजे तेव्हा उचलणार. शिवाय एकानं फर्मच्या नावावर घेतलेल्या मालाची देणी दुसऱ्याच्याही गळ्यात, पूर्ण रकमेसाठी. फर्म रजिस्टर नसेल तर बाहेरच्या माणसाकडून करारातली बाकी वसूल करायला फर्मला कोर्टात दावासुद्धा लावता येत नाही. आणि एक भागीदार गेला तर, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, फर्मच संपते. हे सगळं मी त्यांच्या आईसमोर वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, मग लिहून टाका की बाबा, भांडण कागदावर होऊ दे, चुलीपाशी नको.

डीड म्हणजे भागीदारीचं करारपत्र झालं, रजिस्टर केलं, दोघांना दर महिन्याला ठरलेला पगार, घरखर्च त्यातूनच, धंद्याच्या पैशाला मधे हात लावायचा नाही. एवढ्या एका गोष्टीनं निम्मं भांडण गेलं. कारण भांडण पैशावरून होतंय असं वरून वाटायचं, खरं तर कोणी किती घेतलं ते कळत नाही यावरून होत होतं.

प्लेटांचं सांगतो, कारण यात पैसा पण आहे आणि माणसाचा जीव पण आहे. प्लेटा आणि त्याखाली टेकू द्यायचे जॅक एकाच साइटला पुरतील एवढे, आणि साइट तीन चार. मग धाकटा म्हणणार माझ्या स्लॅबला आज पाहिजेत, मोठा म्हणणार काढ तिकडनं. बांधकामाच्या आयएस ४५६ या कोडात स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, किमान ७ दिवस आणि त्यापेक्षा मोठ्याला १४ दिवस ठेवायला सांगितलेत, बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढं २१. क्युरिंग म्हणजे पाणी मारणं साध्या ओपीसी सिमेंटला कमीत कमी ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १० दिवस, आणि आज बाजारात घरासाठी जास्त करून पीपीसीच येतंय. आता दुसऱ्या साइटची घाई आहे म्हणून पाचव्या दिवशी टेकू ओढले, पाणी मारणाऱ्या पोराला तिकडं नेलं, तर स्लॅबला झोल येणार, भेगा पडणार, पावसात गळणार, आणि मग वॉटरप्रूफिंग आपल्या खर्चानं. हे नुकसान कुठल्याच वहीत स्लॅबच्या नावावर लिहिलं जात नाही, ते रिपेरी म्हणून लिहिलं जातं. मला या गोष्टीचा फार राग येतो, कारण त्या स्लॅबखाली कोणीतरी कर्ज काढून राहायला जाणार असतंय. आता त्यांनी भिंतीवर एक कॅलेंडर लावलंय, स्लॅब कुठल्या तारखेला ओतला, टेकू कुठल्या तारखेनंतर काढायचे, त्याच्यावर दोघांची सही, त्याआधी जॅकला हात लावायचा नाही. प्लेटा कमी पडल्या तर भाड्यानं आणायच्या, भाडं त्या साइटच्या वहीत.

मालाचं पण तसंच. सळी आली की काट्याची चिठ्ठी बघून सही करायची आणि सोडून द्यायचं अशी सवय. वास्तविक सळीचं वजन काढणं अवघड नाही, व्यास एमएममध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ नं भागा, मीटरला किलो निघतात. १२ एमएमची १२ मीटरची एक सळी साधारण साडेदहा किलोच्या वर बसते, ८ एमएमची पावणेपाच किलो, १६ एमएमची १९ च्या आसपास. सळ्या मोजा, गुणा, चिठ्ठीशी लावा, थोडा फरक चालतो, मोठा असेल तर गाडी परत. सिमेंटची थप्पी फळीवर, भिंतीपासून लांब, आणि आधी आलेलं आधी वापरायचं, कारण तीन महिने पडलेलं सिमेंट तपासल्याशिवाय वापरण्यात अर्थ नाही आणि आपल्याकडं जूनपासून हवेतच पाणी असतंय.

या फर्मचं स्टोअरचं रजिस्टर आता मोठ्या वहिनी लिहितात. बीकॉम झालेल्या, लग्नानंतर पेन हातात धरला नव्हता. माल आला लिहिला, गेला लिहिला, कुठल्या साइटला गेला ते लिहिलं, शनिवारी पगार त्यांच्या टेबलावरून. रायचूर, यादगीरकडची माणसं त्यांना अक्का म्हणतात, आणि अक्काच्या वहीत अंगठा किंवा सही केल्याशिवाय कोणाला रुपया जात नाही, मुकादमाची उचल वेगळ्या पानावर, दर आठवड्याला ठरलेली रक्कम वळती. आधी काय व्हायचं, मुकादमाला मोठी उचल द्यायची, तो मृगाच्या पेरणीला गावाकडं गेला की परत यायचाच नाही, आणि आपण म्हणायचं लेबर बेइमान. अहो पण त्याला पण शनिवारी पूर्ण पैसे कधी मिळत नव्हते, आज निम्मे घे पुढच्या आठवड्यात बघू, मग तो दुसऱ्याकडं जाणारच की. आता पगार वेळेवर आहे तर तीच माणसं टिकली. हजेरी नीट असली की अजून एक होतंय, बांधकाम कामगारांच्या कायद्याप्रमाणं १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या कामगाराची कल्याण मंडळात नोंदणी करता येते, त्यासाठी कामाचा दाखला आपल्यासारख्या मालकानंच द्यायचा असतो. तो द्यायला काँट्रॅक्टर का घाबरतात मला कळत नाही, द्या की, गरिबाच्या पोराला शिक्षणाला मदत मिळते.

वहिनींचा अजून एक उपयोग झाला तो सीमाभागातल्या सगळ्यांनी ऐकण्यासारखा आहे. त्यांना कन्नड वाचता येतं. पंचायतीच्या वर्कऑर्डरच्या मागं बारीक अक्षरात ज्या अटी असतात त्या या दोघा भावांनी कधी वाचल्याच नव्हत्या, कारण कन्नड, खात्यातला माणूस म्हणेल तिथं सही. वहिनींनी वाचल्यावर कळलं की मुदत संपायच्या आधी लेखी अर्ज केला तर वाढवून मिळते, आणि काम संपल्यावर ठरलेल्या काळानं अनामत परत मागता येते. दोन जुन्या कामांची अनामत तशीच पडून होती, तारीखच कोणी लिहून ठेवली नव्हती, मागायला कोणी गेलंच नव्हतं. आपल्या भाषेसाठी आपण भांडतो ते भांडलंच पाहिजे, मी पण त्यातलाच आहे, पण ज्या कागदावर आपली सही आहे तो कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, नाहीतर वाचणारा माणूस ऑफिसात ठेवला पाहिजे.

टीडीएसचं, म्हणजे बिलातून आधीच कापून घेतलेल्या कराचं पण असंच. बिलातून एकट्याच्या नावावर काम असेल तर १ टक्का आणि फर्मच्या नावावर असेल तर २ टक्के कापला जातो, अडीच लाखाच्या वरच्या सरकारी कामात जीएसटीचा २ टक्के टीडीएस वेगळा. हा आपलाच पैसा आहे, रिटर्न भरून मागायचा असतो. आपल्या नावावर किती कर जमा झालाय त्याचा उतारा काढून बघायची तसदी कोणी घेत नाही. बिलाशिवाय माल घेतला की थोडा स्वस्त पडतो असं वाटतं, पण ज्याची कामं जीएसटीत आहेत त्याचं क्रेडिट, म्हणजे मालावर भरलेल्या कराची वजावट जाते आणि १८ टक्के कर खिशातून भरायला लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, तेव्हा घरमालक रेट कमी करा म्हणून मागं लागले आणि काँट्रॅक्टरला उत्तर देता येईना, कारण आपण क्रेडिट घेतो का नाही, आपला खर्च खरंच किती कमी झाला, हे त्याला स्वतःलाच माहीत नाही. महाराष्ट्रातल्या चंदगड, कागलकडचं घर बांधायला घेतलं तर तिथं आयजीएसटी म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी लागतो आणि ५० हजाराच्या वरचा माल इकडून तिकडं नेताना ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढलेला कागद पाहिजे, हेही रेट सांगायच्या आधी बघायचं, गाडी नाक्यावर अडवल्यावर नाही.

वाढीव कामाचं थोडक्यात. घरमालकीण येऊन सांगते इथं एक कट्टा करा, तिथं खिडकी सरकवा, धाकटा भिडस्त, करतो म्हणतो, आणि शेवटच्या बिलाला मालक म्हणतो हे तर ठरल्यातच होतं. आता डुप्लिकेट पावतीबुक आहे, काम, माप, रेट, मालकाची सही, मग गवंड्याला सांगायचं. सुरुवातीला लोकांना राग येतो, नंतर येत नाही.

आज या फर्मची परिस्थिती काय विचाराल तर अजून कर्ज आहे, सगळं सोन्यासारखं झालेलं नाही. पण पाटल्या सोडवून आणल्या, अनगोळचं घर पुरं होऊन मालक राहायला गेला, आणि दोघं भाऊ सकाळी एकाच गाडीवरनं साइटला येतात. पंचायतीचं एक बिल त्यांचं अजून थकलेलंच आहे बरं का. ते मिळायलाच पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या पेपरनं लिहीत राहावं ही विनंती आहेच.

माझी दुसरी विनंती आपल्या भागातल्या सोसायट्या आणि पतसंस्थांना आहे. बेळगावात पिग्मी म्हणजे रोजची लहान बचत गोळा करणारी माणसं रोज या काँट्रॅक्टरांच्या दारात जातात, त्यांना त्यांची नाडी माहीत असते. कर्ज देताना तुम्ही दागिना बघता, घराचा उतारा बघता, जामीनदार बघता. एकदा साइटवार वही मागा, भागीदारीचं डीड मागा, चालू कामांची यादी आणि प्रत्येकाचे किती आले किती गेले ते मागा. नसेल तर नाही म्हणू नका, करून आण म्हणा, महिन्याची मुदत द्या. आणि सोसायटीचा हॉल संध्याकाळी रिकामाच असतो, पावसाळ्यात साइट थंड असतात तेव्हा तिथं मराठीतून हिशोबाचा वर्ग घ्या, गवंड्यातून काँट्रॅक्टर झालेली कितीतरी हुशार पोरं येतील. सोबत त्यांच्या बायकांना पण बोलवा. शिकवायला मी येतो, फी नको, आणि माझ्यासारखे हिशोब लिहिणारे आणखी चार जण येतील याची खात्री मी देतो. ज्या संस्थेला वर्ग घ्यायचा असेल तिनं आपल्या ऑफिसात निरोप ठेवावा, माझा पत्ता आपल्याकडं दिलेला आहे.

आपला,
एक हिशोबनीस वाचक
शहापूर, बेळगाव